पांढऱ्या जर्सीचा सत्कार

दोन दिवस विशाखा एकच गोष्ट समजावून सांगत होती, आणि दोन दिवस हर्सूलमधली तिची अख्खी गल्ली ती गोष्ट या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देत होती.

"पाच दिवसांची शर्यत आहे मावशी. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल. पाच दिवसांचा मिळून ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, तो पहिला. आणि तेवीस वर्षांच्या आतल्या पोरांत ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, त्याला पांढरी जर्सी. ती आपल्या सम्यकच्या अंगावर आहे."

"म्हंजी सगळ्यांत पयला नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"सगळ्यांत नववा आहे."

"नववा!" मनकर्णाबाईंनी शेजारी बसलेल्या गोजरबाईंकडं पाहिलं. गोजरबाईंनी 'च्यक्' केलं. "मग बंडी कशाची दिली त्याला?"

मनकर्णाबाई गल्लीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. कुणाच्या पोराचे मार्क चांगले आणि कुणाचे बेताचे, कुणाच्या लग्नातलं जेवण आठवणीत ठेवायचं आणि कुणाचं विसरायचं, हे त्या ठरवत. त्यांनी नवव्या नंबराला 'च्यक्' करवलं म्हणजे गल्लीनं केलं.

घरात वेगळी तऱ्हा नव्हती. विशाखाचे वडील पुंडलिकराव बत्तीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात काढून रिटायर झालेले. त्यांचं मत ठाम होतं. "आमच्या टायमाला पयला, दुसरा, तिसरा. चौथ्याला म्हणायचे, घरी जा बाबा, भाकरी खा. हे वयाचं बक्षीस म्हंजे पेन्शनरांच्या चालायच्या शर्यतीवाणी. चालला म्हणून नाय देत, जगला म्हणून देतेत."

विशाखा दात-ओठ खाई. ती एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला होती आणि या शर्यतीसाठी तिनं पाच दिवस रजा टाकली होती. गेली सहा वर्षं पहाटे पाच वाजता स्कूटी काढून, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ती सम्यकच्या, आपल्या धाकट्या भावाच्या मागं चौक्याचा घाट चढत होती. थंडीत बोटं वाकडी व्हायची, पण आकडा चुकायचा नाही. या पांढऱ्या जर्सीची किंमत काय, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि ती सांगायला गेली की लोक तिला चहा घेणार का विचारत.

किंमत अशी होती. युरोपातल्या एका टीमचा माणूस ही शर्यत बघायला आला होता. त्याला पहिला आलेला नको होता. पहिला आलेला तिशीतला, पक्का झालेला गडी. त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं. त्याला कोवळा पोरगा हवा होता, ज्याला अजून घडवता येईल. सम्यकच्या टीमचे कोच काकासाहेब यांना त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, पांढरी जर्सी जो घरी नेईल त्याला तीन महिने तिकडं बोलावतो. सम्यकला दिवाळीनंतर तेविसावं पुरं होणार होतं. पुढच्या वर्षी तो या गटात बसणारच नव्हता. म्हणजे जे काय व्हायचं ते या रविवारपर्यंत.

शेवटी गुरुवारी संध्याकाळी तिला युक्ती सुचली, आणि तिथंच घात झाला.

"मावशी, तुम्ही बाजारात बैल बघायला गेलात," ती म्हणाली. "एक जुना बैल आहे. नांगर भारी ओढतो. आणि त्याच्या शेजारी दोन दातांचा गोऱ्हा त्याच्या बरोबरीनं ओढतोय. पैसे कुणाला जास्त द्याल?"

"गोऱ्ह्यालाच की!" मनकर्णाबाईंचा जन्म सिल्लोडकडच्या खेड्यातला, त्यांना विचार करावा लागला नाही. "जुना आज हाय, उद्या नाय. गोऱ्हा धा वर्सं ओढंल." मग त्या थांबल्या. त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं बया! म्हंजी आपला सम्यक त्यो गोऱ्हा हाय व्हय? मग हे आधी का नाय सांगितलं?"

विशाखाला आनंद झाला. चार माणसांना शहाणं केल्याचा आनंद किती महागात पडतो हे तिला अजून कळायचं होतं. त्याच भरात तिनं गल्लीच्या ग्रुपवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'रविवारी सकाळी सव्वानऊला शर्यत आपल्या हर्सूलवरून जाणार. पांढरी जर्सी म्हणजे आपला सम्यक. सर्वांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात.' तासाभरात त्यावर सत्तेचाळीस अंगठे आले. युवा मंडळाच्या सुयशनं फ्लेक्स छापायला टाकला. स्वतः पुंडलिकराव शुक्रवारी दोनदा बाहेर जाऊन, कुणी न विचारता, गोऱ्ह्याची गोष्ट सांगून आले.

शनिवारी संध्याकाळी सम्यकचा फोन आला.

"ताई, आज घाटात मी लई जोरात गेलो. घाटाची लाल ठिपक्यांची जर्सीपण आली माझ्याकडं."

"आणि पांढरी?"

"तीपण माझीच हाय. नऊ सेकंदांनी. पण उद्या अंगात लाल ठिपके घालायचे."

"का?"

"एका अंगात दोन कशा घालणार? घाटाचा मान मोठा, म्हणून ती घालायची. पांढरी मग दुसऱ्या नंबरवाल्याला घालायला देतेत. सांगलीचा आकाश हाय ना, त्याला. हिशोबात पयला मीच."

विशाखानं डोळे मिटले. "सम्यक, हा नियम तू मला आज सांगतोयस?"

"मला वाटलं तुला माहीत असंल."

सहा वर्षं त्याचा एकेक सेकंद लिहून ठेवणाऱ्या बहिणीला जगातली एकच गोष्ट माहीत नव्हती, आणि नेमकी तीच तिनं ठळक अक्षरांत गावाला शिकवली होती. तिनं ताबडतोब ग्रुपवर नवा मेसेज टाकला. त्याच्यावर लगेच अभिनंदनाचे गुच्छ, शुभ रात्रीचे चंद्र आणि कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण येऊन बसलं, आणि मेसेज गाडला गेला. सुयशला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, फ्लेक्स छापून झाला ना यार, पांढऱ्यातच. आता कलर बदलता येत नाय."

ती तशीच मनकर्णाबाईंच्या दारात गेली.

"चार दिस पांढरा पांढरा करून डोस्कं खाल्लंस," मनकर्णाबाई म्हणाल्या, "आन आता म्हणतीस लाल ठिपके. मग पांढरा गेला का?"

"गेला नाही मावशी. आपलाच आहे. फक्त उद्या दुसऱ्याच्या अंगात असेल."

"आपला हाय तर दुसऱ्याच्या अंगात कामून?"

"कारण सम्यकनं दुसरा घातलाय."

"आपला सोडून?"

विशाखानं कपाळाला हात लावला. मनकर्णाबाईंनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझी झोप झाली नाय बाळा. जा, पड जरा. उद्याचं आमी बघतो."

आमी बघतो, हे शब्द ऐकून खरं तर तिनं रात्रभर जागायला हवं होतं.

रविवारी नऊ वाजता हर्सूलच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या दिवसाचा मार्ग मोठा होता. शहरातून निघून हर्सूल, मग चौक्याचा घाट, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा. तिथून घाट उतरून फर्दापूर, आणि वळसा घालून तोच घाट चढून वर शेवट. शहरात सगळे रमतगमत येणार, आणि हर्सूलच्या अलीकडं झेंडा पडला की खरी शर्यत सुरू. विशाखा आणि पुंडलिकराव रस्त्याच्या डाव्या बाजूला उभे होते. उजव्या बाजूला सुयशचा फ्लेक्स, हलगीवाले दोघं, आणि त्यांच्या पुढं महिला मंडळ, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. मनकर्णाबाईंच्या हातात ताट होतं. ताटात शाल होती. विशाखाला ती शाल दिसली आणि तिनं बापाची बाही ओढली.

"बाबा, ती शाल कशाला आणलीय?"

"सत्कार हाय," पुंडलिकराव म्हणाले. "तुला सांगितलं नाय का कुणी?"

"शर्यत चालू असताना सत्कार?"

"मग कधी? नंतर त्यो गावतोय का?"

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या, आणि सायकलींचा घोळका आला. पुढच्या गतिरोधकांमुळं सगळ्यांनी वेग तोडला होता. पाचव्या-सहाव्या नंबरला लाल ठिपके होते. सम्यकनं मान वळवली, बहीण आणि बाप दिसले, एक हात वर केला आणि तो गेला. पलीकडून गोजरबाईंचा आवाज आला, "ह्यो ठिपक्याचा कोण गं? हात काय करतोय?" ज्या पोराला त्यांनी कडेवर घेऊन फिरवलं होतं, त्याला त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर पांढऱ्यावर होती.

पांढरा आला शेवटी. सांगलीचा आकाश घोळक्याच्या शेपटाला होता. गतिरोधकापाशी त्यानं ब्रेक दाबला, आणि सुयश आणि त्याचा एक दोस्त हार घेऊन रस्त्यात उतरले. एकानं हँडल धरलं, दुसऱ्यानं सीट. हलगी कडाडली.

"अहो सोडा! मी सम्यक नाही!" आकाश ओरडला. "मी सांगलीचा..."

"बघा, किती साधा पोरगा!" कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कानापर्यंत आलेला हार. आता उरलं होतं तोंड, त्यात मनकर्णाबाईंनी पेढा कोंबला. मग तो सांगलीचा की सायबेरियाचा, कुणाला कळणार?

विशाखा इकडून गळा फाटेस्तोवर ओरडत होती. हलगीपुढं कोण ऐकतो! रस्ता ओलांडायला गेली तर शिट्टीवाला स्वयंसेवक आडवा. "मॅडम, टीमच्या गाड्या जातायत, थांबा." गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. पलीकडं शाल घातली गेली. फोटो काढला गेला. फोटोत सुयशचे डोळे मिटले, म्हणून परत काढला गेला. मागून मोटारसायकलवर आलेला पंच ओरडत होता, तर एका आजोबांनी त्यालाच हात जोडून विनंती केली, "दोनच मिंटं साहेब, माजी नगरसेवक निघालेत घरून."

शेवटी विशाखा गाड्यांच्या मधून घुसली आणि तिनं सुयशचा हात हँडलवरून ओढून काढला. "अरे गाढवा, हा आकाश आहे! सोड त्याला!"

मनकर्णाबाईंनी पोराच्या डोळ्यांवरचा चष्मा वर केला. क्षणभर हलगीसुद्धा थांबली.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "ह्यो तर कुनाचा तरी दुसराच."

आकाशनं शाल फेकली, पेढा थुंकला आणि रडवेल्या तोंडानं पायडल मारलं. हार गळ्यातच राहिला. विशाखाचा अंगठा सवयीनं स्टॉपवॉचवर गेला होता. दोन मिनिटं दहा सेकंद. पंचानं वहीत काहीतरी लिहिलं, पण गर्दीनं खाल्लेला वेळ परत द्यायचा नियम त्याच्याकडं नव्हता.

लोक एकमेकांना दोष देत होते. विशाखा मात्र हळूहळू रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली, कारण तिच्या डोक्यात आकडे जुळायला लागले होते. नऊ सेकंद सम्यक पुढं होताच. आता दोन मिनिटं दहा सेकंद आणखी. एकटा माणूस घोळक्याला गाठू शकत नाही. पुढं साठ जण वारा वाटून घेतात, मागं एकट्याला तो छातीवर घ्यावा लागतो. म्हणजे शर्यत संपली होती. पांढरी जर्सी घरात आली होती. तिच्या येड्या लोकांनी ती आणली होती.

तेवढ्यात काकासाहेबांचा फोन आला. ते टीमच्या गाडीत होते.

"विशाखा, तुमच्या दारात काय झालं गं? आकाश दोन मिनिटं मागं पडलाय. सम्यक गाडीपाशी पाण्याची बाटली घ्यायला आला व्हता, त्यानं इचारलंय. पंक्चर झालं ना पोराचं?"

पंक्चर. शब्द तयार होता, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पंक्चर ज्याच्या त्याच्या नशिबाचं. त्यासाठी कुणी थांबलं नाही तरी कुणी बोलत नाही. पण रस्त्यावरच्या लोकांनी धरून ठेवलेल्याला तसंच सोडून पळायचं नाही, हा या खेळातला कुठं न लिहिलेला रिवाज. आणि त्यात धरणारे सम्यकचेच लोक! सम्यकला हे कळलं तर तो काय करणार, हे विशाखाला घड्याळातल्या आकड्याइतकं स्पष्ट दिसत होतं. शेजारी पुंडलिकराव तिच्याकडं बघत होते. पलीकडं मनकर्णाबाई रस्त्यावरची शाल उचलून झटकत होत्या. विशाखाला त्या सगळ्यांचा भयंकर संताप आला.

"हॅलो? पंक्चरच ना?"

"नाही," विशाखा म्हणाली. "पंक्चर नाही. आमच्या लोकांनी सत्कारासाठी धरून ठेवला. सम्यक समजून."

मग काकासाहेब म्हणाले, "कशाला सांगितलंस गं बाई मला," आणि फोन बंद झाला.

शर्यत मोबाईलवर दिसत होती. गल्लीतले पंधरा-वीस जण विशाखाच्या खांद्यावरून वाकून बघत होते. चौक्याचा घाट सुरू झाला. घोळका वर चढला आणि त्यातून लाल ठिपके हळूहळू मागं, आणखी मागं आले. मग एका लिंबाखाली, रस्त्याच्या कडेला, सम्यकनं एक पाय खाली टेकवला.

"पाणी पितोय," गोजरबाई म्हणाल्या.

"थांबलाय तो," विशाखा म्हणाली.

"कामून?"

गुरुवारपर्यंत 'पेन्शनरांची शर्यत' म्हणणाऱ्या पुंडलिकरावांनी विशाखाच्या हातातला मोबाईलच हिसकावून घेतला. "आरं पळ की लेका! पळ! काय झाडाखाली हुबा राहिला! आरं जर्सी चालली तुझी!" बत्तीस वर्षं वर्कशॉपात ओरडून कमावलेला आवाज होता, पण लिंबाखाली काही पोचला नाही.

आकाश आला. सम्यक त्याच्या पुढं लागला आणि त्यानं वारा आपल्या छातीवर घेतला. फुलंब्री गेली. आळंद गेलं. आकाशनं मधे एकदा पुढं यायचा प्रयत्न केला, तर सम्यकनं हातानंच त्याला मागं बस म्हणून खुणावलं. ते बघून विशाखानं दोन्ही हातांनी आपलेच केस ओढले. अरे थांबलास तर थांबलास, निदान पाळीपाळीनं तरी ओढा! पण नाही. चूक हर्सूलची, तर भरपाईही हर्सूलच करणार. पुढं कुणी जोर लावत नव्हतं, घोळका रेंगाळत होता, म्हणून सिल्लोडच्या अलीकडं त्यानं आकाशला घोळक्यात नेऊन सोडलं, आणि तेव्हा त्याचं तोंड कॅमेऱ्यात दिसलं. पिळून काढलेल्या फडक्यासारखं.

पुढं व्हायचं तेच झालं. फर्दापूरहून शेवटचा घाट लागला आणि वारा न झेलता सम्यकच्या सावलीत बसून आलेला आकाश सुटला. सम्यक त्याच्या मागं गेला, तुटला, पुन्हा गेला, पुन्हा तुटला. वर पोचेपर्यंत तेरा सेकंदांचं अंतर पडलं होतं. नऊ पुढं होता, चार मागं राहिला. पांढरी जर्सी गेली. आणि घाटमाथ्यावर आधी पोचल्याचे गुण शेवटच्या घाटाला दुप्पट, त्यामुळं लाल ठिपकेही दुसऱ्याच कुणीतरी नेले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. युरोपच्या माणसानं सम्यकचा हात हातात घेतला, पाठ थोपटली, चांगलं चांगलं काहीतरी बोलला, आणि मग काकासाहेबांकडून आकाशचा नंबर मागून घेतला.

सहा वाजता सम्यक घरी आला. आंघोळ केली आणि जेवायला बसला. दारात मनकर्णाबाई येऊन बसल्या होत्या, घडी केलेली शाल मांडीवर घेऊन. पुंडलिकराव टीव्हीसमोर बसले होते आणि टीव्ही बंद होता. विशाखानं भाकरी टाकता टाकता तोंडाचा पट्टा सोडला. एवढी रिवाजाची काळजी होती तर साधुसंत व्हायचं होतंस, सायकल कशाला धरलीस? पंचानं सांगितलं होतं का थांब म्हणून? आकाशनं हात जोडले होते का? थांबलास ते थांबलास, वर चाळीस किलोमीटर त्याला सावलीत बसवून ओढलंस? सहा वर्षं. सहा वर्षं मी पहाटे उठले, ते तू लिंबाखाली उभं राहावंस म्हणून का? तो तिकडं विमानात बसेल, आणि तू? तू काय करणार, सांग ना!

सम्यक जेवत होता. भूक सणकून लागली होती. तिसरी भाकरी संपली तेव्हा त्यानं मान वर केली.

"काकासाहेब म्हणत व्हते, त्यांनी तुला पंक्चर झालं का म्हणून इचारलं."

"विचारलं. मग?"

"नुसतं व्हय म्हणली असतीस तर मी थांबलोच नसतो." तो तिच्याकडं बघत होता. रागानं नव्हे; खरंच विचारत होता. "तू का नाय म्हणलीस, ताई?"

दारातून मनकर्णाबाईही विशाखाकडं बघत होत्या, बाबाही. तिला त्याचा, स्वतःचा, सगळ्यांचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"गप जेव," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी तिनं त्याच्या ताटात टाकली.